नळांतील बर्फ

इ. स. १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यांत लंडन शहरांतील हजारों कुटुंबांवर एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. दुष्काळ पडलेला नव्हता. नदी आटलेली नव्हती. शहरामधून थेम्स वाहत होती आणि तिच्या पात्रांत बर्फाचे मोठमोठे खंड एकमेकांवर आपटत चालले होते. असें असूनहि घरांतील तोटी कितीहि फिरविली तरी तींतून पाण्याचा थेंब पडत नसे. पाणी होतें, परंतु तें रस्त्याखालीं, नळांच्या पोटांत, दगड होऊन बसलें होतें. सकाळीं बायका, मुलें व घरोघरच्या मोलकरणी बादल्या, किटल्या, जें भांडें हातीं लागेल तें घेऊन पाण्याच्या कंपनीनें रस्त्यावर उभ्या केलेल्या तात्पुरत्या नळाशीं येत. सांडलेलें पाणी तेथल्या तेथें गोठे, आणि त्या निसरड्या बर्फावर पाय सांवरीत भरलेली बादली घरीं नेणें हेंच त्या दिवसांतलें मोठें कसब होऊन बसलें.

मुंबई-पुण्याच्या गृहस्थाला नळ कोरडा पडण्याचें नवल नाहीं. पाऊस लांबला, तलावाची पातळी उतरली, पंप बिघडला किंवा पाणी येण्याची वेळ टळली, कीं नळ सुकतो. हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु पाणी उशाशीं असून केवळ थंडीमुळें तें मिळूं नये, ही गोष्ट त्याला कथेंतल्यासारखी वाटेल. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंवबिंदु गोठले, तर तेवढ्याचीहि आपल्याकडे वर्तमानपत्रांत बातमी होते. विलायतेंतील मध्यमवर्गीय गृहस्थाला मात्र हिवाळ्यांतील नळ ही गेल्या दीडशें वर्षांतील एक कायमची घरगुती काळजी आहे. आणि तिचा इतिहास पाहूं लागलें असतां असें दिसतें कीं, ही काळजी त्याच्या घरांत थंडीनें आणलेली नसून त्याच्या सोयींनीं आणलेली आहे.

त्या वर्षींची थंडी साधी नव्हती, हें खरें. ११ फेब्रुवारी १८९५ रोजीं स्कॉटलंडमधील ब्रेमार या गांवीं पारा शून्याखालीं २७.२ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला. ब्रिटनमध्यें याहून कमी उष्णमान आजवर नोंदलें गेलेलें नाहीं. १९८२ व १९९५ सालीं त्याची केवळ बरोबरी झाली. मध्य इंग्लंडमध्यें त्या संबंध महिन्याचें सरासरी उष्णमानच शून्याखालीं दोन अंशांच्या जवळपास राहिलें. रात्रीपुरती पडणारी थंडी जमिनीच्या वरच्या थरालाच काय ती शिवते. पण दिवसांमागून दिवस पारा वर येईनासा झाला, म्हणजे थंडी माती पोखरीत खालीं उतरूं लागते. लंडनमधील पुष्कळ नळ इतके वरच्यावर पुरलेले होते कीं, ती त्यांच्यापर्यंत सहज पोंचली. मातीचा स्वभाव मोठा मंद आहे. थंडी तिच्यांत सावकाश शिरते व तितकीच सावकाश बाहेर पडते. त्यामुळें वर ऊन पडूं लागलें, छपरांवरील बर्फ वितळून पन्हळींतून वाहूं लागला, तरी जमिनीखालचे नळ गोठलेलेच राहिले. बाहेर पाणीच पाणी आणि घरांत तोटी कोरडी, असा देखावा कांहीं वस्त्यांत कित्येक आठवडे टिकला.

या संकटांत दोष कोणाचा, यावरून मोठा वाद माजला. त्या वेळीं लंडनला पाणी पुरविण्याचें काम नगरपालिकेकडे नव्हतें. तें आठ खाजगी कंपन्यांनीं आपसांत वांटून घेतलेलें होतें. रस्त्याखालचा मुख्य नळ कंपनीचा व तेथून घरापर्यंत येणारी शिशाची नळी घरमालकाची, अशी सर्वसाधारण व्यवस्था होती. पाणी येईना, तेव्हां कंपनी म्हणे, तुमची नळी गोठली आहे. घरमालक म्हणे, तुमचा मुख्य नळच उथळ पुरलेला आहे. जमीन उकरून पाहिल्याखेरीज खरें कोणाचें तें कळावयाचें नाहीं, आणि गोठलेली जमीन उकरणें म्हणजे खडक फोडण्यासारखेंच. पाणीपट्टी मात्र ठरल्या मुदतीस मागितली जाई. ज्याच्या घरांत महिनाभर थेंब आला नाहीं त्यानें पाण्याचे पैसे कां द्यावेत, हा प्रश्न लहानथोरांच्या तोंडीं झाला. आणि तो वाटतो तितका क्षुद्र नव्हता. पाणी हा विकावयाचा माल आहे कीं नगरवासीयांचा हक्क आहे, हाच खरा त्याच्या पोटांतला प्रश्न होता.

पूर्वींच्या काळीं हा वाद संभवलाच नसता. सोळाव्या शतकांतील लंडनकर नदीवरून, विहिरीवरून किंवा सार्वजनिक हौदावरून पाणी आणी, अगर खांद्यावर पिंप वाहणाऱ्या पाणक्याकडून विकत घेई. थंडींत नदीच्या कांठचा बर्फ फोडावा लागे. पण घरांत गोठण्याजोगें असें मडक्यांतील पाण्यावांचून कांहींच नव्हतें. इ. स. १६१३ मध्यें ह्यू मिडल्टन यानें हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचें पाणी अडतीस मैल लांबीचा कालवा काढून लंडनच्या वेशीपर्यंत आणलें. त्या कालव्यास आजतागायत ‘न्यू रिव्हर’ म्हणजे नवी नदी असेंच म्हणतात, जरी त्या नवेपणास चारशें वर्षें उलटून गेलीं आहेत. तेथून शहरांत पाणी खेळविलें तें एल्म वृक्षाचे ओंडके आरपार कोरून केलेल्या नळांतून. एका ओंडक्याचें निमुळतें टोंक दुसऱ्याच्या तोंडांत ठोकून ही माळ रस्त्याखालून नेलेली असे. आग लागली म्हणजे रस्ता खणून त्या लांकडास भोंक पाडीत, पाणी घेत, आणि मग त्या भोंकांत खुंटी मारीत. हे ओंडके कुजत व सदा गळत. परंतु त्यांतून पाणी येई तेंच मुळीं आठवड्यांतून कांहीं दिवस आणि त्या दिवशींहि कांहीं तास. त्यामुळें प्रत्येक घरांत शिशाची किंवा लांकडाची टांकी असे, आणि पाणी आलें कीं ती भरून घेत. हंडे-कळशा भरून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणीला हा प्रकार समजावून सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकांत लांकूड जाऊन लोखंड आलें, वाफेचे पंप आले, आणि वरच्या मजल्यावर, स्नानगृहांत व शौचगृहांत नळ पोंचला. त्यानंतर आरोग्यशास्त्रज्ञांनीं टांक्यांकडे बोट दाखविलें. उघड्या टांकींत धूळ, किडे, कधीं मेलेला उंदीर. तेव्हां सांठविलेल्या पाण्यापेक्षां अष्टौप्रहर नळांतून येणारें ताजें पाणी बरें, हा त्यांचा उपदेश अगदीं योग्य होता. १८७१ च्या कायद्यानें निरंतर पुरवठ्याचा मार्ग मोकळा केला, व पूर्व लंडनच्या कामकरी वस्तींत तो लवकरच बहुतेक सर्वत्र सुरू झाला. मग टांकी हवी कशाला? ती जागा अडविते, गळते, घाण करते. घरोघरच्या टांक्या निघाल्या. नव्या घरांत त्या बसविल्याच नाहींत. आणि १८९५ च्या हिवाळ्यांत मुख्य नळ गोठतांच त्या घरांत उद्यांपुरतेंहि पाणी शिल्लक राहिलें नाहीं. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत अवर्षण पडलें. पूर्व लंडनच्या कंपनीनें पुरवठा दिवसांतून थोड्या तासांवर आणला, तेव्हां हीच उणीव पुन्हां भोंवली. १८९६ व १८९८ मध्येंहि तेंच. थंडी आणि उन्हाळा या दोघांनीं मिळून खाजगी कंपन्यांविरुद्ध जें लोकमत तयार केलें, तें पुष्कळ व्याख्यानांनींहि झालें नसतें. १९०२ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला आणि १९०४ मध्यें आठहि कंपन्यांचा कारभार एका सार्वजनिक मंडळाच्या हातीं गेला. हें सर्व गोठलेल्या नळांमुळें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु पाण्याच्या कंपनीशीं ज्याचें कधींच भांडण नव्हतें अशा स्वस्थ गृहस्थासहि त्या फेब्रुवारीनें भांडावयास लाविलें, यांत संशय नाहीं.

पाणी गोठलें तर नळ बंद पडेल हें सहज समजतें; पण तो फुटतो कां? जगांतील बहुतेक पदार्थ थंडीनें आकसतात. पाणीहि चार अंश सेंटिग्रेडपर्यंत आकसतें. त्याखालीं मात्र तें उलट पसरूं लागतें, आणि गोठतांना तर त्याचें आकारमान एकदम सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. या चार अंशांच्या चमत्काराचा निर्णायक प्रयोग एडिंबरो येथील रसायनाचे अध्यापक टॉमस चार्ल्स होप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केला. पण गोठत्या पाण्याचें बळ त्याआधींच लोकांनीं पाहिलेलें होतें. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगन्स यानें १६६७ मध्यें लोखंडी तोफेची नळी पाण्यानें भरून दोन्हीं बाजूंनीं बंद केली आणि थंडींत ठेवली, ती फुटली. त्याहून नामांकित प्रयोग कॅनडांतील क्वेबेक येथें १७८४-८५ च्या हिवाळ्यांत मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यावरील अधिकाऱ्यानें केले. त्यानें तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्यानें भरून, तोंडांत लोखंडी खुंट्या ठोकून रात्रीं बाहेर ठेवले. एका गोळ्याची खुंटी चारशें फुटांवर जाऊन पडली. दुसऱ्याची खुंटी घट्ट बसलेली होती, म्हणून तो गोळाच दुभंगला व फटींतून बर्फाची कड बाहेर डोकावूं लागली. दारूच्या कणावांचून उडणारा हा तोफगोळा ज्यानें पाहिला असेल, त्याला स्नानगृहांतील शिशाच्या नळीची काय कथा!

तथापि नळ फुटतो त्याची रीति या गोळ्यांहून थोडी निराळी आहे, आणि ती नीट उलगडावयास विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत घरगुती नळ मुद्दाम गोठवून पाहण्यांत आले. त्यांत दिसून आलें कीं, बर्फ जेथें धरतो तेथेंच नळ फुटतो असें नाहीं. नळांत एके ठिकाणीं बर्फाचा बुच बसतो. तो वाढूं लागला कीं पुढचें पाणी बंद तोटीकडे रेटलें जातें. बुच आणि तोटी यांच्यामध्यें कोंडलेल्या त्या पाण्याला जाण्यास वाट नसते. त्याचा दाब भयंकर वाढतो, आणि जेथें नळ दुबळा असेल तेथें, मग त्या ठिकाणीं बर्फाचा कणहि नसो, तो उकलतो. थंडीच्या रात्रीं तोटी किंचित् उघडी ठेवावी, थेंब थेंब पडूं द्यावा, हा जो जुन्या बायकांचा सल्ला होता, त्याची खरी उपपत्ति येथें आहे. वाहतें पाणी लवकर गोठत नाहीं, हें थोडेंफार खरें. परंतु त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्या उघड्या फटींतून कोंडलेला दाब निघून जातो.

विलायतेंत मात्र फार दिवस लोकांची समजूत होती कीं, नळ फुटतात ते बर्फ वितळतांना. थंडी असेपर्यंत घर कोरडें. ऊन पडलें, हवा सैल झाली, कीं छतांतून धार लागते, भिंतीचा कागद फुगतो, दिवाणखान्यांतील गालिचा तरंगूं लागतो. तेव्हां दोष वितळण्याचा, हें उघड दिसतच होतें! वस्तुतः नळ आठ दिवसांपूर्वींच फुटलेला असे. बर्फ हाच त्या भेगेचा बुच होऊन बसलेला असे, आणि तो गेला कीं पाणी बाहेर येई. शिसें मऊ, तें प्रथम फुगतें व मग लांबट चिरतें. अशी चीर सांधण्याकरितां येणाऱ्या प्लंबरची त्या दिवसांत जी प्रतिष्ठा वाढे, ती एखाद्या नामांकित वैद्यासहि लाभत नसेल. लोक त्याच्या दारांत तिष्ठत. तो येतो म्हणे आणि येत नसे. इंग्रजी विनोदी नियतकालिकांना प्लंबरची थट्टा वर्षानुवर्षें पुरली. त्याचें नांवच मुळीं शिशाच्या लॅटिन नांवावरून आलेलें आहे.

इंग्लंडमध्यें हें संकट इतकें वारंवार यावें, तर रशियांत किंवा कॅनडांत तें किती भयंकर असेल, असें कोणासहि वाटेल. पण गोष्ट उलट आहे. जेथें थंडी निश्चित असते, तेथें लोक नळ जमिनींत पुरुषभर खोल पुरतात, घराच्या मध्यावरून वर नेतात व घर उबदार ठेवतात. इंग्लंडची थंडी बेभरंवशाची. पांच हिवाळे ती नुसता चिखल करते आणि सहाव्या वर्षीं नदी गोठविते. अशा पाहुण्यासाठीं खर्च कोण करणार? त्यांतच आणखी एक कारण घडलें. १८७१ मध्यें राणी व्हिक्टोरियाचे युवराज स्कारबरोजवळच्या एका हवेलींत पाहुणचार घेऊन परतल्यावर विषमज्वरानें मरणाच्या दारांत जाऊन आले. त्याच मेजवानींतील चेस्टरफील्डचे अर्ल मात्र दगावले. हवेलींतील सांडपाण्याच्या मोऱ्यांवर संशय गेला आणि सबंध देशांत मोरींतील वायूची धास्ती पसरली. मलमूत्राचे नळ घरांत नकोत, ते बाहेरच्या भिंतीवरून खालीं न्यावेत, असें नियम सांगूं लागले. इंग्रजी घरांच्या मागील भिंतींवर वेलींसारखे पसरलेले नळ दिसतात ते या काळचे. शुद्ध हवेसाठीं जो नळ बाहेर काढला, तो उत्तरेच्या वाऱ्यांत उघडा पडला. आणि विषमज्वराच्या भीतीनें केलेला उपाय दर कडक हिवाळ्यांत पन्हळींना बर्फाच्या दाढ्या लावून उभा राहूं लागला.

एवढ्यावर भागलें असतें, तर या इतिहासांत गैरसोय व थट्टा यांवांचून कांहीं नसतें. परंतु स्वयंपाकघरांत दुसरेंच संकट बसलेलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुखवस्तु घरांत चुलीच्या मागें लोखंडी बॉयलर बसविण्याची चाल पडली. चूल पेटली कीं त्यांतील पाणी तापून नळावाटे वरच्या टांकींत जाई व तेथून स्नानगृहांत येई. आपल्याकडील तांब्याच्या बंबाशीं त्याची तुलना करूं नये. बंबाचें तोंड वरून मोकळें. गार पाणी ओतावें, ऊन पाणी तोटीनें काढावें, वाफ कोंडण्याचें कारणच नाहीं. हा इंग्रजी बॉयलर मात्र चहूंकडून बंद असे. त्याला वाट होती ती वरच्या टांकीकडे जाणाऱ्या दोन नळांची. कडक थंडीच्या रात्रीं चूल विझे, आणि माळ्यावरचे ते दोन्हीं नळ गोठत.

सकाळीं घरांतली मंडळी निजलेलीं असतांना स्वयंपाकाची मोलकरीण अंधारांतच खालीं येई व रोजच्याप्रमाणें चूल पेटवी. नळ गोठल्याचें तिला कळण्यास कांहीं साधन नसे. बॉयलरमध्यें पाणी आहे, चूल पेटते आहे, सर्व ठीक दिसे. पाणी उकळूं लागे, वाफ होई, आणि तिला जावयास वाट नसे. अर्ध्या-एक तासानें बॉयलर फुटे तो चूल, भिंत, खिडक्या यांसह. या स्फोटांत चुलीशीं वांकलेली मोलकरीण, किंवा शाळेंत जाण्यापूर्वीं शेकत बसलेलीं मुलें सांपडत. दर कडक थंडींत अशा बातम्या इंग्रजी पत्रांत येत, आणि १८९५ च्या फेब्रुवारींतहि त्या आल्या.

उपाय माहीत नव्हता असें नाहीं. बॉयलरला एक लहानशी सुरक्षा-झडप बसविली, म्हणजे वाफेचा दाब वाढतांच ती उघडते. कारखान्यांच्या बॉयलरांना ती असे. तिला किंमत पडे ती कांहीं शिलिंगांची. पण घरमालकानें ती मागितली नाहीं व बांधणाऱ्यानें सुचविली नाहीं. १८८२ मध्यें बॉयलरच्या स्फोटांची सरकारी चौकशी व्हावी म्हणून पार्लमेंटनें खास कायदा केला. त्यांत केवळ घरगुती उपयोगाचे बॉयलर स्पष्ट शब्दांनीं वगळलेले होते. गिरणींत मजूर मेला तर तज्ज्ञ येऊन लोखंडाची जाडी मोजीत. स्वयंपाकघरांत मोलकरीण मेली तर मृत्यूची नेहमींची चौकशी होई, ‘अपघात’ असा निर्णय लिहिला जाई, आणि शेजारच्या घरांतील बॉयलर तसाच राही. घर हें मालकाचें खाजगी राज्य, तेथें कायद्यानें डोकावूं नये, या इंग्रजी अभिमानाची ही बाजू फारशी सांगितली जात नाहीं.

गोठलेला नळ मोकळा करण्याच्या युक्त्यांतहि धोका कमी नव्हता. उकळत्या पाण्यांत भिजविलेलीं फडकीं गुंडाळणें, उन्ह केलेल्या विटा लावणें, हे सौम्य उपाय. तेवढा धीर नसणारे मेणबत्ती धरीत, नाहींतर कागद पेटवीत. श्रीनगरमध्यें डिसेंबरच्या एकविसाव्या तारखेपासून चाळीस दिवस चालणाऱ्या ‘चिल्लई कलान’च्या ऐन थंडींत आजहि कोणी नळाखालीं कागद पेटवून तो मोकळा करतांना दिसतो. १८८० नंतर स्वीडनमधील कार्ल रिचर्ड न्यूबर्ग याच्या कारखान्यांतून ब्लो-लॅम्प निघूं लागला, आणि त्याच्या जोरकस ज्योतीनें बर्फाबरोबर भिंतींतील लांकडांचीहि शहानिशा होऊं लागली. नळ सुटे, पण माळ्याला आग लागे. आणि ती विझवावयास पाणी नसे!

याहून शास्त्रीय युक्ति अमेरिकेंतून आली. १८९९ च्या फेब्रुवारींत तेथें मोठी थंडी पडली आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन शहरीं जमिनीखालचे नळ गोठले. तेथील विद्यापीठांत रॉबर्ट वुड नांवाचा तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होता. नळ धातूचा आहे. तर त्याच्या दोन टोंकांना तारा जोडून विजेचा मोठा प्रवाह त्यांतून सोडला, कीं नळ स्वतःच तापेल व बर्फ सुटेल, ही कल्पना त्यानें व विद्युत्शास्त्राचे अध्यापक जॅक्सन यांनीं अमलांत आणली. जमीन न उकरतां थोड्या वेळांत पाणी वाहूं लागलें. ही रीति पुढें उत्तर अमेरिकेंतील अनेक शहरांनीं उचलली. वुडची कीर्ति पुढें प्रकाशशास्त्रांतील संशोधनानें झाली. १९०४ मध्यें फ्रान्समधील कल्पित ‘एन’ किरणांचें बिंग फोडणारा तो हाच. परंतु मॅडिसनच्या गृहिणींच्या दृष्टीनें त्याचें थोर कार्य आधींच झालेलें होतें. अलीकडे प्लास्टिकचे नळ आल्यापासून ही विद्या मागें पडली, कारण त्यांतून वीज जात नाहीं.

विसाव्या शतकांत ब्रिटिश घरांनीं अशी परीक्षा दोनदां दिली. १९४७ च्या २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशांत कोठें ना कोठें रोज हिमवर्षाव होत होता. महायुद्ध नुकतेंच संपलेलें. बाँबनीं हादरलेलीं घरें कशीबशीं डागडुजी केलेलीं, आणि कोळशाचा तुटवडा. इंधनमंत्री शिनवेल यांनीं ७ फेब्रुवारीस जाहीर केलें कीं, घरांना दिवसाचे पांच तास वीज मिळणार नाहीं. नळ गोठला आणि तो वितळवावयास ऊबच नाहीं, असा तो पेंच होता. मार्चमध्यें बर्फ सुटला तेव्हां फुटलेल्या नळांचें पाणी माळ्यावरून आणि नद्यांच्या पुरांचें पाणी दारांतून, असें दुहेरी पाणी कित्येक घरांत शिरलें.

१९६२ सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं सुरू झालेली थंडी मार्चच्या आरंभापर्यंत हटली नाहीं; १९६३ चा जानेवारी हा मध्य इंग्लंडांत १८१४ नंतरचा सर्वांत थंड महिना ठरला. रस्त्यांवर पुन्हां तात्पुरते नळ उभे राहिले, पाण्याच्या मोटारी फिरूं लागल्या. त्या हिवाळ्यांत लंडनमध्यें दोन लहान मुलांसह राहणारी अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ हिनें गोठलेले नळ व तुंबलेलें न्हाणें यांवर ‘स्नो ब्लिट्झ’ नांवाचा एक लेख लिहिला. वरवर पाहतां तो विनोदी आहे. ज्या देशांत थंडी दरसालची आहे तेथून आलेल्या बाईला, थंडी जणू पहिल्यांदांच पाहत असल्यासारखें वागणारे इंग्रज पाहून जो अचंबा वाटला, तो त्यांत आहे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं, ती थंडी सरण्यापूर्वींच, तिनें आपल्या जीविताचा अंत करून घेतला. त्यामुळें तो लेख हंसत हंसत वाचणें आतां कोणास साधत नाहीं.

इंग्रजांची ही बेफिकिरी त्यांचीच खास नव्हे, हें २०२१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत दिसलें. तेथील घरें उन्हाळ्याकरितां बांधलेलीं; पुष्कळांचे नळ उघड्या माळ्यावरून वा बाहेरच्या भिंतींतून गेलेले. १६ फेब्रुवारीस डॅलस येथें पारा शून्याखालीं १९ अंशांवर आला. विजेचें जाळें कोसळून पंचेचाळीस लाखांहून अधिक घरें व दुकानें अंधारांत व थंडींत पडलीं, आणि नळ फुटूं लागले. हजारों फुटक्या नळांतून वाहणारें आणि हजारों तोट्यांतून मुद्दाम थेंब थेंब सोडलेलें पाणी यांमुळें शहरांच्या मुख्य नळांतील दाबच नाहींसा झाला. एका घरास वांचविणारा सल्ला सर्वांनीं एकदम पाळला, तर शहरास जड जातो, हें त्या वेळीं कळलें. एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्यावयास सांगण्यांत आलें. पुष्कळांच्या घरीं उकळावयास वीज नव्हती.

ब्रिटनमध्यें आतां घराकडे जाणारा नळ जमिनींत निदान ७५० मिलिमीटर खोल असावा असा नियम आहे. नळांस फोमचीं वेष्टनें मिळतात. बॉयलर झडपांनीं व स्वयंचलित कुलुपांनीं असे जखडलेले असतात कीं मोलकरणीचा बळी घेणारा जुना स्फोट जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. २००५ पासून इंधन वांचविणारे नव्या तऱ्हेचे बॉयलर सक्तीचे झाले. त्यांत धुराची वाफ थिजून पाणी होतें, आणि तें पाणी बाहेर सोडण्यास एक बारीक प्लास्टिकची नळी लागते. ही नळी पुष्कळ ठिकाणीं बाहेरच्या भिंतीवरून नेण्यांत आली. २०१० च्या डिसेंबरांत ती गोठली. आंत पाणी तुंबतांच हजारों घरांतील बॉयलर सुरक्षिततेच्या नियमाप्रमाणें आपोआप बंद पडले, आणि ऐन नाताळच्या दिवसांत गृहस्थ मंडळी पहांटे हातांत किटली घेऊन अंगणांत उभीं राहून भिंतीवरच्या त्या नळीवर ऊन पाणी ओतूं लागलीं.